सव्वा रुपयाची थकबाकी

बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला थकबाकी हा शब्द नवा नसतो. तो मी दुसऱ्यांच्या नावापुढे किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. विहिरीसाठी कर्ज काढलेला शेतकरी, पिठाच्या गिरणीचा हप्ता चुकलेला गिरणीवाला, शिलाई मशीन घेतलेली एखादी विधवा, या सगळ्यांना मी नोटिसा धाडल्या. पण एक थकबाकी माझ्या स्वतःच्या नावावर होती, आणि तीही वयाच्या चौथ्या वर्षापासून. सावकार होती सप्तशृंगगडावरची देवी. जामीनदार होती माझी आई.

हकिगत १९६३ सालची. धुळ्याजवळच्या आमच्या गावी त्या पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला. मुदत संपली तरी ताप उतरेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन काही सांगितले आणि वडील घरी आले ते न बोलता ओटीवर बसून राहिले. त्या रात्री आईने देव्हाऱ्यातल्या तसबिरीपुढे पदर पसरला. ‘माय, एवढं लेकरू वाचव. मोठं झालं की ते चैत्रात पायी तुझ्या गडावर येईल. त्याच्या पायांनी येईल.’ आई घरात अहिराणीच बोलायची. मी तिचे बोलणे इथे सरळ मराठीत लिहितो आहे. ताप उतरला. तो औषधाने उतरला की नवसाने, यावर पुढे मी आईशी पुष्कळ वाद घातला. आई वाद घालत नसे. ‘तू आहेस ना? मग झालं,’ एवढेच म्हणे.

ज्यांना तो गड ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. नाशिकहून दिंडोरीमार्गे साठेक किलोमीटरवर सातमाळा डोंगररांग लागते. धोडप, रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या असे एकाहून एक उंच डोंगर तिथे ओळीने उभे आहेत. त्यातलाच हा सात शिखरांचा सप्तशृंगगड. तालुका कळवण, पायथ्याचे गाव नांदुरी. पण वणी गाव जवळ म्हणून सगळा महाराष्ट्र तिला वणीची देवी म्हणतो, आणि आम्ही खान्देशी नुसतेच ‘गडावर जायचे’ म्हणतो. दुसरा कुठला गड आमच्या बोलण्यात नसतोच. कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे. सप्तशृंगी हे अर्धे. ओंकाराच्या साडेतीन मात्रा आणि ही त्यातली अर्धी मात्रा, असा त्याचा अर्थ जाणकार लावतात. आईचा अर्थ वेगळा होता. ती म्हणे, ‘अर्धी वाट देवी उतरून येते, अर्धी आपण चढायची.’

मूर्ती कड्याच्या कातळातच कोरलेली आहे. पुरुषभर उंचीहून मोठी, अठरा हातांची, प्रत्येक हातात आयुध. नेसवायला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. रूप महिषासुरमर्दिनीचे, उग्र. पण मान मात्र किंचित एका बाजूला कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करीत बसत आणि देवी तो कान देऊन ऐके, अशी कथा आहे. सप्तशती मार्कंडेय पुराणातलीच, तेव्हा कथा जमून गेली आहे. खान्देशातल्या बायांना मात्र ऋषींशी फारसे कर्तव्य नसते. सासरी ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांना ऐकून घेणारी एक आई डोंगरावर आहे, एवढे त्यांना पुरते. म्हणून तर गडाला त्या माहेर म्हणतात.

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत तिथे यात्रा भरते. धुळे, जळगाव, नंदुरबार, मालेगाव या बाजूंनी हजारो माणसे पायी निघतात. खान्देशातला चैत्र म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. डांबर वितळते. माणसे भल्या पहाटे आणि रात्री चालतात, दुपारी कडुनिंबाखाली पडून राहतात. वाटेवरची गावे त्यांना पाणी, ताक, जेवण देतात, पायांना लावायला तेल देतात. धुळ्याकडून मालेगाव, देवळा, कळवण करीत नांदुरी गाठायला चार-पाच दिवस लागतात.

माझे ते चार-पाच दिवस कधी निघालेच नाहीत.

शाळेत असताना आई म्हणे, मॅट्रिक होऊ दे. मॅट्रिक झालो आणि धुळ्याच्या कॉलेजात गेलो, तिथे चार पुस्तके वाचली आणि नवसावर हसायला शिकलो. १९८२ साली बँकेत लागलो. त्यानंतर तर हसायला कायद्याचाही आधार मिळाला. एकदा आईला मी गंभीर चेहऱ्याने समजावले होते, ‘आई, अज्ञान मुलाच्या नावाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नसतो. हा नवस मुळातच रद्द आहे.’ आईने भाकरी थापता थापता विचारले, ‘आणि जामीनदाराचं काय होतं?’ कर्ज, जामीन हे शब्द माझ्याच बोलण्यातून तिच्या कानावर पडलेले. मी म्हणालो, ‘कर्जदार थकला की जामीनदाराला नोटीस जाते.’ ‘मग मला येऊ दे,’ ती म्हणाली.

ती स्वतः गडावर तीन-चारदा जाऊन आली, एसटीने. माझ्या बदल्या होत राहिल्या. चैत्र म्हणजे मार्च-एप्रिल, आणि मार्च-एप्रिल म्हणजे बँकेत वर्षअखेर, ताळेबंद, ऑडिट. रजा मिळत नसे हे खरे. मी कधी मागितलीही नाही, हेही तितकेच खरे. २००८ च्या जानेवारीत गडाच्या घाटात यात्रेकरूंची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा मी फोनवर आईला म्हणालो, ‘बघ, आणि तू मला तिथे पाठवतेस.’ आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘त्यांच्या घरी कोणी वाट बघत असेल रे.’ माझा मुद्दा तिच्या कानावर पडलाच नव्हता. आज वाटते, बरे झाले पडला नाही.

नोकरीत एकदा, एका तालुक्याच्या शाखेत असताना, एका देवस्थानच्या दानपेटीच्या मोजदादीला मला बसवले होते. देवस्थान दुसरे होते, पण देवीचेच. सतरंजीवर पेटी पालथी केली की जो ढीग पडतो, तो ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. हळदी-कुंकवाने माखलेली नाणी, घडी घालून घालून नखाएवढ्या केलेल्या नोटा, नथीतला एखादा मोती, चांदीचे डोळे, पाळणे. दोन दिवस बोटांचा रंग जात नाही. आणि या सगळ्यात चिठ्ठ्या. वहीच्या पानाचे तुकडे, बसच्या तिकिटाच्या पाठी, सिगारेटच्या पाकिटाचा कागद. पोराला नोकरी, पोरीला स्थळ, नवऱ्याची दारू, जमिनीचा खटला. आमच्या शिपायाने त्या वेगळ्या काढून ठेवल्या आणि विचारले, ‘साहेब, या कुठल्या हेडखाली?’ आम्ही हसलो. चिठ्ठ्या देवस्थानच्या माणसाच्या हवाली केल्या आणि नाणी मोजत बसलो. रक्कम अचूक जुळली होती, एवढे मला अजून आठवते. चिठ्ठ्या किती होत्या, ते मोजले नव्हते.

आता चार आण्यांची गोष्ट. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. बँकेत आम्ही आधी सूचना लावली, लोकांनी डबे-बरण्या रिकाम्या करून चिल्लर आणून दिली, आम्ही ती पुढे पाठवली, विषय संपला. पुढच्या चैत्रात मी गावी गेलो तर आई म्हणाली, ‘तू बँकेत आहेस. मला चार आण्याची नाणी आणून दे.’

‘आई, चार आणे बंद झाले. मागच्या वर्षीच. आता ते नाणं राहिलं नाही.’

‘असं? मग देवीला कोणी कळवलं?’

मी हसलो. घरी मुलाच्या नाण्यांच्या संग्रहात मूठभर चार आणे होते, गेंड्याचे चित्र असलेले, ते पुढच्या खेपेला नेऊन दिले. तिने त्यातले दहा मोजून घेतले आणि बाकीचे परत केले. ‘इतके पुरतील,’ म्हणाली. कशाला, ते मी विचारले नाही. म्हाताऱ्या माणसांचे काहीतरी असते, असे म्हणून सोडून दिले.

आई २०१५ च्या दिवाळीनंतर गेली. दिवसवार झाल्यावर बायकोने तिची पेटी आवरायला घेतली. तळाशी, लुगड्यांच्या खाली, लाल खणात बांधलेले एक जड गाठोडे निघाले. मला हाक मारून ती म्हणाली, ‘अहो, हे तुमच्याच खात्यातलं दिसतंय.’

त्यात लहान लहान पुरचुंड्या होत्या. प्रत्येक पुरचुंडीत एक रुपया आणि एक चार आणे. सव्वा रुपया. काहींत रुपयाची नोट होती. आमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असते की रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवाची सही असते; तशा वेगवेगळ्या सह्यांच्या नोटा त्यात होत्या. चार आण्यांत आधीची निकेलची नाणी होती, नंतरच्या काळातली होती आणि शेवटी माझ्या मुलाची गेंड्याची चार. मी सवयीने मोजायला बसलो. पुरचुंड्या बावन्न. १९६४ चा चैत्र ते २०१५ चा चैत्र, बरोबर बावन्न. बावन्न रुपये आणि बावन्न चार आण्यांचे तेरा, एकूण पासष्ट रुपये. दोनदा मोजले, दोनदा जुळले. मी गेलो नाही अशा प्रत्येक वर्षाचा सव्वा रुपया तिने माझ्या नावाने बाजूला काढून ठेवला होता. जामीनदार व्याज भरत होता.

आणि एका वेगळ्या गाठीत सहा चार आणे होते. दहातले उरलेले. पुढच्या सहा वर्षांची तरतूद. मी येत्या चैत्रातही जाणार नाही, हे तिला ठाऊक होते. आणि तरी कधीतरी जाईन, हेही तिने धरूनच ठेवले होते.

एवढे होऊनही मी लगेच उठून गडावर गेलो असे नाही. खोटे कशाला सांगू? मी २०१९ साली निवृत्त झालो, नाशिकला स्थायिक झालो, मग करोनाची दोन वर्षे गेली. गाठोडे कपाटात होते. मग २०२२ च्या पावसाळ्यात बातमी आली की गडावरचे मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून मूर्तीवरचा शेंदूर उतरवत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला थर. टनाहून अधिक वजनाचा निघाला म्हणतात. त्याखालून मूळ कोरीव रूप समोर आले आणि त्या नवरात्रात ते लोकांना पाहायला मिळाले. वर्तमानपत्रात फोटो आला. मी तो आईच्या तसबिरीशेजारी धरून पाहिला. तसबिरीतली देवी भरलेल्या गालांची, शेंदरी, मोठ्या डोळ्यांची, आमच्या खान्देशातल्या एखाद्या पाटलीणबाईसारखी. फोटोतली रेखीव, कातळातली, पुरातन. जाणकारांच्या दृष्टीने हीच खरी, आणि थराच्या ओझ्याने मूर्तीला धोका होता तर तो उतरवायलाच हवा होता, हे मला पटते. पण आईने पदर पसरला तो त्या दुसरीपुढे. तिचा चेहरा आता कुठेच उरला नाही, या विचाराने मी त्या दिवशी का अस्वस्थ झालो, ते मला नीट सांगता येणार नाही. आणखी उशीर केला तर मी ज्यांचा देणेकरी आहे त्यातले कोणीच उरणार नाही, अशी काहीशी भीती असावी.

२०२३ च्या चैत्रात, पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, मी आणि बायको नांदुरीला पोचलो. यात्रेत खासगी गाड्या तिथेच थांबवतात, वर फक्त एसटी जाते. चौसष्ट वर्षांचे वय आणि गुडघे दोन्ही कुरकुरणारे. धुळ्याहून चालत येणे आता शक्य नव्हते, हे मीच माझ्याशी कबूल केले होते. निदान नांदुरीपासून दहा किलोमीटरचा घाट तरी चालायचा, असे ठरवले. बायकोला एसटीत बसवले. ती म्हणाली, ‘दुखायला लागलं तर मागून येणारी बस धरा. देवी काही रागवायची नाही.’

पहाटेचा अंधार होता. रस्ता माणसांनी भरला होता. कोणाच्या हातात लाल निशाण, कोणाच्या डोक्यावर बोचके, कडेवर मूल. पुष्कळांच्या तळपायांना चिंध्या बांधलेल्या. चालणे हे चालणे वाटत नव्हते. सगळे गुडघ्यांतून वाकत, एका ठेक्यात, पाय नुसते पुढे टाकत होते. तिसऱ्या वळणावर मी कठड्याशी टेकलो. शेजारी एक म्हातारी बसली होती, तळवे फोडांनी भरलेले. चोपड्याकडून आली होती. मी विचारले, ‘आजी, किती वर्षं येताय?’ ती म्हणाली, ‘मोजत नाही भाऊ. माहेरी किती वेळा गेलो, हे कोणी मोजतं का?’ मग माझ्या पायांतल्या नव्या बुटांकडे पाहून विचारले, ‘तुम्ही कुठून?’

‘धुळ्याकडचा,’ मी म्हणालो.

‘पायी?’

सूर्य वर आला होता. समोर मार्कंड्याचा डोंगर उजळला होता. मी म्हणालो, ‘नाही. नांदुरीपासून.’ ती काही बोलली नाही. पिशवीतून शेंगदाण्या-गुळाचा लाडू काढून तिने माझ्या हातावर ठेवला आणि उठून चालू लागली.

वर गडाच्या वस्तीत बायको ट्रॉलीच्या ठिकाणी थांबली होती. २०१८ पासून ही रुळांवरची ट्रॉली सुरू आहे. दोन-तीन मिनिटांत माणसाला मंदिरापाशी नेते. तिच्यामुळे किती अपंग माणसे, किती म्हातारी माणसे आज दर्शन घेऊ शकतात, हे रांगेत उभे राहिले की दिसते. पायरीने चढला तोच खरा भक्त, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. बायकोला मी ट्रॉलीतच बसवले. मला मात्र पायऱ्याच घ्यायच्या होत्या. पाचशेच्या आसपास आहेत. जुन्या पायऱ्या उमाबाई दाभाड्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवल्या. मराठ्यांच्या सेनापतिपदाची जबाबदारी सांभाळलेली ती एकमेव बाई. लढायांच्या धामधुमीत तिला डोंगर चढणाऱ्यांच्या पायांची आठवण राहिली, याचे मला त्या चढावर फार कौतुक वाटले. शंभर पायऱ्यांनंतर दम घेताना तर विशेषच.

खालून वर पाहिले की मंदिरामागे सरळसोट कडा उभा दिसतो. चैत्रात चतुर्दशीच्या रात्री त्या कड्यावरच्या शिखरावर निशाण लावले जाते. वर जायला वाट नाही. दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे तो मान आहे. ते कुठून चढतात, कुठून उतरतात, ते कोणी पाहत नाही. सकाळी माणसे उठतात तो निशाण फडकत असते. आई दरवर्षी ते सांगायची आणि शेवटी म्हणायची, ‘वाट नसते तिथे ते जातात, आणि तुला डांबरी सडक आहे.’

गाभाऱ्यापुढे मला किती वेळ मिळाला असेल? दोन सेकंद, फार तर तीन. मागून रेटा, पुढून ‘चला, चला’. साठ वर्षांचा हिशेब घेऊन आलो होतो, काय बोलायचे ते घाटात मनाशी जुळवले होते. काहीही बोललो नाही. फक्त मान वर केली. चेहरा फोटोतलाच होता, नवा, म्हणजे फार जुना. आईच्या तसबिरीतला नव्हता. पण मान तशीच कललेली होती. शेंदूर चढला तेव्हाही ती तशीच होती, उतरला तेव्हाही तशीच राहिली. रेटा आला आणि मी बाजूला झालो.

गाठोडे सोडून मी दानपेटीपाशी उभा राहिलो. पुरचुंड्या एकेक करून टाकल्या. मागचा तरुण कुरकुरला, ‘काका, एकदम टाका ना.’ एकदम टाकता आले असते. पण ते बावन्न वेगवेगळे चैत्र होते. पासष्ट रुपयांतले तेरा रुपये आज कुठलीच बँक घेणार नाही. पेटी उघडेल तेव्हा मोजायला बसलेला माझ्यासारखाच कोणी अधिकारी ते चार आणे वेगळे काढील आणि शिपाई विचारील, हे कुठल्या हेडखाली? त्याने काय उत्तर द्यावे, ते मला अजूनही सांगता यायचे नाही.

सहा चार आणे मात्र मी टाकले नाहीत. ते परत आणले.

उतरताना बायकोबरोबर ट्रॉलीत बसलो, कारण गुडघ्यांनी साफ नकार दिला होता. तिने विचारले, ‘फिटला का नवस?’

मी म्हणालो, ‘व्याज भरलं. मुद्दल तशीच आहे.’

मुद्दल म्हणजे धुळ्याहून पायी, माझ्या पायांनी. ती माझ्याच्याने आता फिटेल असे वाटत नाही. पण दर चैत्रात मी त्या सहातले एक नाणे आणि एक रुपया लाल खणाच्या तुकड्यात बांधतो आणि नांदुरीहून जितके चालवेल तितके चालून येतो. मुलगा बंगलोरला असतो. त्याला हे सगळे फोनवर सांगितले, तेव्हा तो हसला. मी वाद घातला नाही.